खर्रा सोडवायचा कार्यक्रम: २१ दिवस पुरतील का?

हिंगणारोड:
नागपूरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात कामगार कल्याणाचं काम बघते. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटलेलं मिश्रण, सोडायला ३० जण तयार आहेत. कॅन्सरच्या फोटोंचं व्याख्यान झालं, सगळे हादरले, आणि संध्याकाळी पानठेल्यावर गर्दी तेवढीच. आता बेत असा: २१ दिवसांचं आव्हान, रोज शपथ, फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे ‘खर्रामुक्त दिवस’. सुरुवात मारबतीच्या दिवशी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाईट गोष्टींचे पुतळे मिरवत नेऊन जाळतात तो सण), म्हणजे घोषणा आयतीच: ‘खर्रा घेऊन जा गे मारबत!’ काय चुकतंय का?

जर_तर:
ताई, घोषणा झकास, मुहूर्त चुकला. सुट्टी, इतवारीतली मिरवणुकीची गर्दी, सोबत सगळे मित्र. निकोटीन तुटल्याचा त्रास पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात जास्त असतो, तो नेमका तिथे कशाला? मारबतीला फक्त वही सुरू करा. सोडायचा दिवस आठवड्यानंतरचा, साधा कामाचा.

त्या ७ दिवसांत कोणी काही सोडायचं नाही, लिहायचं. पुड्या मोजू नका, बार मोजा, म्हणजे तोंडात भरलेली एकेक चिमूट. एक पुडी कोणाला दिवसभर पुरते, कोणी दोन तासांत संपवतो. प्रत्येक बाराला वेळ, जागा, सोबत कोण आणि तलफ ० ते १०. कितीतरी बार तलफ २-३ असतानाच भरलेले दिसतील: डबा संपला, शिफ्ट सुटली, कोणीतरी खर्र्याची पन्नी घोटून पुढे केली. व्याख्यानानं ही वेळ बदलत नाही. भीती सकाळी वाटते, हात दुपारी पुढे जातो.

त्या वेळेलाच ‘जर-तर’ बांधायचं. ही पद्धत मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांची. २००६ मध्ये त्यांनी शीरन यांच्यासोबत ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा ठरवलेलं पार पाडण्यावर तिचा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. वाक्य असं हवं: ‘डबा धुऊन झाला, की खिशातली लवंग तोंडात टाकेन आणि गेटकडे न जाता कॅन्टीनमागच्या बाकावर बसेन.’ ‘जेवल्यावर खर्रा खाणार नाही’ हे चालत नाही; नकाराच्या वाक्यानं जेवण आणि खर्रा यांची जोडी मनात उलट पक्की होते. सुरुवातीला माणसी एक, फार तर दोन वाक्यं. दहा दिली तर वेळेवर एकही आठवत नाही.

‘घे ना बे’ला काय म्हणायचं तेही शब्दशः ठरवा, आणि जोड्या करून मोठ्यानं म्हणवून घ्या. मनातल्या मनात केलेला सराव ठेल्यावर विरघळतो.

अक्कलदाढ:
तोंडाचं मी सांगतो. आधी प्रत्येकाला स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगा. जात नसतील, किंवा तिखटानं तोंड जळत असेल, तर कार्यक्रमाची वाट न बघता दंतवैद्याकडे. मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहेच.

दुसरं, तंबाखू सोडून ‘साधी सुपारी’ किंवा मीठी सुपारी धरणं म्हणजे सोडणं नव्हे. तोंड आखडतं ते सुपारीमुळे, आणि सुपारी एकटीसुद्धा कर्करोगकारक आहे. बडीशेप, लवंग, आवळकाठी द्या. मुखवासाच्या पाकिटावर घटक वाचून घ्या, त्यात सुपारी लपलेली असते.

तलफ भागवायला चघळायचा निकोटीन गम बहुतेकांचा फसतो तो चावण्यामुळे. २ मिलिग्रॅमची गोळी हळू चावायची, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, ओसरल्या की पुन्हा. अर्धा तास. भराभर चावली की निकोटीन पोटात जातं, उचकी-मळमळ होते आणि माणूस म्हणतो ‘सूट नाही होत’. खर्र्यातला चुना तोंड अल्कधर्मी करतो, म्हणून त्यातलं निकोटीन झटकन भिनतं. आंबटानं नेमकं उलटं होतं. म्हणून गमच्या १५ मिनिटं आधीपासून लिंबूसरबत, कोल्ड्रिंक, कॉफी नको, आणि मघाची आवळकाठीही नको! सुरुवातीला दर १-२ तासांनी एक. हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच. तोंड उघडतच नसेल त्याला चघळायला लावू नका, कातडीवर चिकटवायच्या निकोटीन पॅचबद्दल विचारा.

बर्डीवाला:
२१ दिवसांचा आकडा सवयींच्या अभ्यासातून आलेलाच नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २०१० च्या अभ्यासात ९६ जण होते. सवय अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस, पसारा १८ ते २५४. तोही नवी सवय लावण्याचा, व्यसन सोडण्याचा नव्हे. कामाची गोष्ट पुढची: एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही.

तुमचा फळा याच्या उलट वागतो. विसाव्या दिवशी एक बार भरला की सगळ्यांसमोर शून्य. मग माणूस विचार करतो, गेलंच तर पूर्ण पुडी खाऊ. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लेट यांनी हा घसरण्याचा टप्पा नीट मांडलाय. फळा काढा. चुकीसाठीही वाक्य आधीच ठरवा: ‘बार भरलाच, तर थुंकून चूळ भरेन, उरलेली पुडी फेकेन, वहीत वेळ लिहीन.’ पुढचा बार सोडला की गाडी रुळावर.

हिंगणारोड:
फळा रद्द, वही सुरू. पण ठेला गेटसमोरच आहे, तो काही मी हलवू शकत नाही.

जर_तर:
ठेला राहू द्या, माणसांची वाट हलवा. शिफ्ट सुटल्यावर बस गेटबाहेर थांबते ना? पहिले ४ आठवडे ती आतल्या पटांगणातून भरा. बडीशेपेचा डबा ऑफिसात नको, हात धुवायच्या नळापाशी हवा. आणि १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्याचा मोफत नंबर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आजच सेव्ह करून द्या, तलफ आल्यावर कोणी शोधत बसत नाही.