हिरड्यांतून रक्त येतं, तो भाग घासायचा की सोडायचा?

खालचा_जबडा:
गेले काही आठवडे ब्रश करताना खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने, म्हणजे जिभेकडून, रक्त येतंय. धार वगैरे नाही, थुंकी गुलाबी होते एवढंच. दुखत अजिबात नाही. सध्या तेवढा भाग सोडून बाकीचे दात घासतो. सकाळ-रात्र ब्रश करतो, त्यानंतर लगेच माउथवॉशने चूळही भरतो. घरात सगळे म्हणतात की दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, त्यामुळे तिकडे पाऊल वळत नाही. काय करू?

निवांत:
मऊ ब्रशने काही होत नाही हो. कडक घ्या आणि जोर लावा. चार दिवस रक्त येईल, मग हिरड्या घट्ट होतील.

दातकोरणी:
निवांत, तुमच्यासारखे जोर लावणारे लोक आमच्या खुर्चीत वेगळ्या तक्रारीसाठी येतात: गार पाण्याने दात शिवशिवतात. कडक ब्रशने हिरडी मागे सरकते, मुळाचा भाग उघडा पडतो आणि तिथे दाताला खाच पडते. दातावर बसणारा जंतूंचा थर इतका मऊ असतो की नखानेही निघतो. त्याला जोर लागत नाही, ब्रश योग्य जागी पोचावा लागतो.

आता मूळ प्रश्न. मी दंतवैद्य आहे, आणि रक्त येतं तिथे ब्रश न लावणं ही मला सगळ्यात जास्त दिसणारी सवय आहे. माणूस घाबरतो, त्यात काही चूक नाही. पण बहुतेक वेळा रक्त ब्रशमुळे येत नाही. हिरडीच्या कडेला थर साचून ती सुजलेली असते, म्हणून नुसत्या स्पर्शानेही रक्त येतं. तो भाग सोडला की थर वाढतो, सूज वाढते, रक्त आणखी सहज येतं.

१९६५ साली दंतसंशोधक हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या बारा जणांना दात घासणं पूर्ण थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे या टप्प्यावरची सूज उलटवता येते. पुढे दाताभोवतीचं हाड झिजलं तर ते आपोआप भरून येत नाही, म्हणून आत्ताच लक्ष द्या.

तुमची जागाही नेमकी ठरलेली आहे. जिभेखाली लाळेच्या नळ्या उघडतात, अगदी त्या दातांच्या मागे. लाळेत कॅल्शियम असतं, गिझरच्या कॉइलवर क्षार चढावा तसं ते थरात बसतं आणि त्याचं कीटण होतं. एकदा कीटण झालं की ब्रशने निघत नाही, स्केलिंग, म्हणजे दंतवैद्याकडून दात साफ करून घेणंच लागतं.

स्केलिंगने दात हलत नाहीत. हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटण त्या दातांना एकमेकांशी जखडून ठेवतं. ते काढल्यावर फटी मोकळ्या होतात, जीभ तिथे सारखी जाते आणि आपल्याला वाटतं की दात आत्ताच सैल झाले. माझ्याशी यावरून भांडलेले लोक खूप आहेत!

खालचा_जबडा:
बरं, सोडणार नाही. पण आतल्या बाजूला ब्रश आडवा बसतच नाही.

दातकोरणी:
उभा धरा. ब्रशचं टोक दात आणि हिरडी मिळतात त्या रेषेवर टेकवा आणि छोट्या हालचालींनी वर आणा. बाकी ठिकाणी ब्रश हिरडीकडे ४५ अंश तिरका ठेवायचा, म्हणजे केस कडेच्या आत थोडेसे शिरतात. ब्रश मऊ, डोकं लहान, वेळ दोन मिनिटं. महिन्याभरातच केस फाकले, तर जोर जास्त लागतोय असं समजा.

दोन दातांच्या मधे ब्रश पोचत नाही. तिथे रोज एकदा फ्लॉस (दातांच्या फटीतून फिरवायचा बारीक दोरा), किंवा फट मोठी असेल तर मधे घालायचा छोटा ब्रश. फ्लॉस चटकन खाली आपटू नका, दाताला लपेटून वरखाली करा. सुरुवातीला तिथूनही रक्त येईल.

आणि ब्रशनंतरचा तो माउथवॉश बंद करा. पेस्टमधलं फ्लोराइड दातावर राहू द्यायचं असतं. फेस थुंका आणि चूळ भरू नका. माउथवॉश आवडत असेल तर दिवसात दुसऱ्या वेळी वापरा. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा असेल तर सांगितल्याशिवाय दीर्घकाळ नको, दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चवही बिघडते.

रात्रपाळी:
माझ्या हिरड्यांतून कधीच रक्त येत नाही, सिगारेट ओढतो तरी. म्हणजे ठीक ना? कामावर जागं राहायला गोड, आंबट पेयाची बाटली असते, रात्रभर घोट घोट घेतो. दात मात्र आंबल्यासारखे होतात.

दातकोरणी:
तंबाखूमुळे हिरडीचा रक्तपुरवठा आकसतो, त्यामुळे आत आजार चालू असतानाही रक्त दिसत नाही. तुम्ही खालचा_जबडा यांच्यापेक्षा आधी तपासून घ्या. मधुमेह असेल तर तेही सांगा, साखर ताब्यात नसली की हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरणं जड जातं.

बाटलीचं म्हणाल तर किती पिता यापेक्षा किती वेळा पिता ते महत्त्वाचं. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी म्हणजे आंबटपणा जास्त) ५.५ च्या आसपास खाली गेला की इनॅमलमधले, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातले, क्षार विरघळू लागतात. लाळ ते सावरते, पण तिला अर्धा तास ते तासभर लागतो. तुम्ही दर दहा मिनिटांनी घोट घेतलात तर तिला संधीच मिळत नाही. प्यायचंच तर जेवणासोबत एकदम पिऊन टाका, मग साधं पाणी. आणि प्यायल्या प्यायल्या ब्रश करू नका, मऊ पडलेलं इनॅमल घासलं जातं, निदान अर्धा तास जाऊ द्या.

रात्रपाळी:
मग रात्रीचा ब्रश माझ्यासाठी कधी? सकाळी घरी येऊन झोपतो.

दातकोरणी:
झोपायच्या आधी, घड्याळात कितीही वाजलेले असोत. झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणून तो ब्रश चुकवायचा नाही. त्यानंतर पाण्याशिवाय तोंडात काही नको. दुसरा ब्रश उठल्यावर, कामावर निघण्याआधी.