विषय: बापू जळगावला, आपण इथे अमेरिकेत, आणि सगळं वहिनीवर

मंडळी नमस्कार,
गणपतीच्या वर्गणीच्या मेल चालू असताना मधेच हे टाकतोय, पण मागच्या पिकनिकला तिघाचौघांनी बाजूला घेऊन हेच विचारलं, म्हटलं एकदा सगळ्यांसमोरच बोलू. आमचे बापू जळगावला, वय ८१, अल्झायमर. भाऊ दिवसभर दुकानात, त्यामुळे घरचं सगळं वहिनीवर. मी पैसे पाठवतो, रविवारी व्हिडिओ कॉल करतो, कॉलवर बापू एकदम मस्त, कापसाचा भाव विचारतात, हसतात. परवा मी वहिनीला म्हटलं बापू तर बरे दिसतात की, तर म्हणे "भाऊजी, सल्ला नका देऊ, आठ दिवस येऊन राहा." तर इथून आपण खरंच काय करू शकतो? बदाम आणि ब्राह्मी सोडून सांगा.
— जळगावकर

भाऊ,
कॉलवरचं धरू नका. दहा मिनिटं पाहुण्यासमोर नीट बोलणं बरेच जण निभावून नेतात, नंतर दमतात आणि ते सगळं वहिनीला निस्तरावं लागतं. आमच्या सासूबाई अमळनेरला होत्या, दुपारपर्यंत ठीक, दिवे लागायच्या वेळेला पिशवीत लुगडं कोंबून दाराशी उभ्या, "माले घर जानं शे". चाळीस वर्षं त्याच घरात राहिलेली बाई. आधी सगळे समजवायचे अहो हेच तुमचं घर, की त्या अजून चिडायच्या. मग जाऊबाईंनी वाद घालणंच सोडलं, "जाऊ ना, गाडी उशिरा आहे, तोवर एवढी तूरडाळ निवडून द्या" म्हणायच्या. ताट मांडीवर घेतलं की अर्धा तास शांत. डाळ आधीच निवडलेली असायची, काय करता.
बाई ठेवायची तर अहिराणी बोलणारी बघा. एजन्सीने आधी फक्त हिंदी येणारी पाठवली होती, सासूबाई तिला अंगाला हात लावू देईनात. नंतर गल्लीतलीच एक मिळाली, तिचं ऐकायच्या. आणि तिचा पगार तुम्ही द्या, थेट, दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, म्हणजे वहिनीला मागावा लागणार नाही.
— अमळनेरवाली

मी फार्मसीत आहे, डॉक्टर नाही, पण दोन गोष्टी. एक, पेशंट दोन-तीन दिवसांत अचानक बिघडला, भलतंच बोलायला लागला किंवा नुसता झोपून राहिला तर "आजार वाढला" म्हणून गप्प बसू नका. लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, नवीन गोळी, यातलं काहीही असू शकतं आणि ते बरं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो आणि या लोकांना तहान लागल्याचं कळत नाही की सांगता येत नाही, त्यामुळे ताक, पन्हं, पाणी हातात द्यायचं, विचारायचं नाही. बी-१२ आणि थायरॉइड तपासलं नसेल तर तपासून घ्या, कान पण. दुसरं, रात्री झोपत नाहीत म्हणून मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणू नका. चिडचिडीवर जी अँटिसायकोटिक (मानसिक आजारावरची औषधं) देतात त्यांच्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २००५ सालीच इशारा दिलाय, डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) म्हाताऱ्या पेशंटमध्ये मृत्यूचा धोका वाढतो. कधी द्यावीच लागतात, पण ते डॉक्टरने ठरवायचं. डोनेपेझिल वगैरे अल्झायमरच्या गोळ्यांनी आजार जात नाही, काहींना थोडा काळ बरं वाटतं इतकंच.
वहिनीच्या फोनमधे १४४१६ सेव्ह करून द्या, सरकारची टेली-मानस लाइन, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. बापूंसाठी नाही, वहिनीसाठी. म्हाताऱ्यांच्या बाकी अडचणींना एल्डरलाइन १४५६७.
— धुळेकर

कागदपत्रांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. इथे आपल्याला ड्युरेबल पॉवर ऑफ अटर्नीची सवय, म्हणजे देणाऱ्याची समज गेली तरी चालू राहणारं मुखत्यारपत्र, तिकडे तसं नाही. १८७२ च्या करार कायद्यात (कलम २०१) मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की ते मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते कागद उपयोगाचे नाहीत. म्हणून बापूंना कळतंय तोवर जॉइंट खातं, नॉमिनी, मृत्युपत्र करून घ्या, आणि त्यांना समजतंय असं डॉक्टरचं पत्र त्याच सुमारास घेऊन ठेवा. फार उशीर झाला तर पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. शेती असेल तर सातबारा ऑनलाइन बघत राहा, गोड बोलून अंगठा घेणारे बाहेरचे नसतात. तिकडे जाऊन राहायचं तर एफएमएलएमधे (इथल्या कौटुंबिक रजेच्या कायद्यात) आईवडिलांच्या गंभीर आजारपणासाठी वर्षात १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते, कंपनी आणि नोकरी त्यात बसत असेल तर, आईवडील भारतात असले तरी चालतं, तिथल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल.
— शिरपूरकर

मुलाच्या आयडीवरून लिहिते आहे. मी इथे आता आले, त्याआधी पारोळ्याला सासूचं सगळं मीच केलं. गोळ्या, कागद ठीक आहे. मला सगळ्यात जास्त त्रास म्हातारीचा नाही झाला. ती ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, सकाळपासून सुनेने खायला दिलं नाही. तासाभरापूर्वी वरण-बट्टी खाल्लेली असायची, हाताला तूप तसंच. लोकांना खरं वाटायचं, नणंदेलाही वाटायचं, फोनवर विचारायची "आईचं वजन का उतरलं?" परदेशातला दीर फॅमिली ग्रुपवर टाकायचा, खर्च इतका कसा झाला. तर दादा, तू आत्याला, काकाला, शेजारच्या दोन घरांना स्वतः फोन कर आणि सांग की हा मेंदूचा आजार आहे, जेवल्याचं लक्षात राहत नाही, आणि आमची वहिनी करते तेवढं आम्ही कोणी करत नाही. सुनेने सांगितलं तर बहाणा वाटतो, मुलाने सांगितलं तर लोक ऐकतात. वाईट आहे पण असंच आहे. आणि हिशेब ग्रुपवर मागू नको.
— एक काकू

काकू, काल आत्याला आणि शेजारच्या काकांना फोन केला. आत्या आधी तुटकच बोलली, मग म्हणाली मला वाटलं नुसता म्हातारपणाचा विसराळूपणा. भाऊ मात्र भडकलाय, म्हणतो पुतणीचं स्थळ बघतोय, गावभर कशाला सांगतोस, घराण्यात वेड आहे म्हणतील. काय उत्तर द्यावं कळेना. बहुतेकांमध्ये हा आजार मुलाबाळांना ठरून येत नाही एवढंच सांगितलं, त्याला पटलं असं वाटत नाही. कोणाच्या घरी हे झालंय का, कसं निभावलं?
रजेचं ठरलं. डिसेंबरात लग्नं करत फिरण्यापेक्षा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येतो म्हटलं, वहिनीला चोपड्याला माहेरी जाऊ दे, बापूंच्या आजारपणापासून ती आखाजीला गेलेली नाही. ती आधी नाहीच म्हणाली, मग एक वही काढलीय म्हणे, बापूंना अंघोळीला कसं न्यायचं, दाढीला कोणता न्हावी चालतो, शेवभाजीतला रस्सा किती तिखट, सगळं त्यात लिहितेय. धुळेकर, उन्हाळ्याचं पाण्याचं जे लिहिलंत ते जरा मोठ्या अक्षरात मराठीत करून पाठवा, फ्रिजवर लावतो.
रविवारी सकाळी अकराला झूम ठेवू, तिकडे रात्रीचे साडेआठ होतात, ज्यांच्या घरी तेव्हा पेशंट झोपलेला असेल त्यांच्या वहिनींनाही बोलवा. लिंक वेगळी पाठवतो, वर्गणीच्या मेलमधे शोधू नका.
— जळगावकर