उमेदवार गर्भपातावर काय बोलतो, याला मतदार कितपत विचारतो?

ओहायोकर
काल इथे एकांनी ठोकून दिलं की अमेरिकेतला कॉन्झर्व्हेटिव्ह मतदार फक्त गर्भपाताच्या मुद्द्यावर मत देतो, जो उमेदवार बंदी म्हणेल त्याच्यामागे डोळे झाकून जातो. खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही, कारण माझ्या गल्लीत सगळे हेच मतदार आहेत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आमच्या ओहायो राज्याच्या घटनेत गर्भपाताचा हक्क घालायचा का, यावर मतदान झालं. सुमारे ५७ टक्के लोक हो म्हणाले. त्याच ओहायोत पुढच्या वर्षी ट्रम्प आरामात जिंकले. मिसुरीत तर २०२४ ला एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर हक्काच्या दुरुस्तीला बहुमत मिळालं आणि ट्रम्प १८ टक्क्यांनी पुढे राहिले. म्हणजे दोन्हीकडे खूण करणारे भरपूर होते. माझा शेजारी त्यातलाच. अंगणात ट्रम्पची पाटी, आणि आमच्या दुरुस्तीला हो. मी विचारलं तर म्हणाला, "ते माझ्या मुलींचं, हे देशाचं."

आणि ट्रम्प स्वतः? १९९९ मध्ये टीव्हीवर म्हणाले, मी गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचा. २०१६ ला सुप्रीम कोर्टावर कोणाला नेमणार, त्या न्यायाधीशांची यादीच छापून दिली. २०२४ ला म्हणाले, राज्यांनी बघावं. देशभर बंदी हवी म्हणणारे त्यांचेच माजी उपराष्ट्राध्यक्ष पेन्स पहिलं मत पडायच्या आधीच शर्यतीतून बाहेर. लोकांना सुप्रीम कोर्टातले न्यायाधीश हवे होते, ते मिळाले, आणि त्यांनी २०२२ ला गर्भपाताचा देशभरचा हक्क काढून टाकला. उमेदवाराच्या मनात काय आहे, हे कोणी विचारत नाही.

गोदाकाठ
अर्धीच गोष्ट सांगितलीत. २००७ मध्ये देशभरच्या चाचण्यांत ट्रम्पच्याच रिपब्लिकन पक्षात राष्ट्राध्यक्षपदासाठी पुढे कोण होते? न्यूयॉर्कचे माजी महापौर जुलियानी. गर्भपाताच्या हक्काचे उघड समर्थक. पक्षांतर्गत निवडणुकीत फ्लोरिडात तिसरे आले आणि घरी गेले. पक्षाचे २०१२ चे उमेदवार रोम्नी १९९४ ला मॅसॅच्युसेट्समध्ये केनेडींविरुद्ध लढताना हक्काच्या बाजूचे होते, राष्ट्राध्यक्षपदाकडे नजर गेल्यावर मत बदललं. रेगननी १९६७ ला कॅलिफोर्नियात गर्भपात सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली होती, त्यांनाही फिरावं लागलं. १९८० पासून त्या पक्षानं उघड समर्थकाला राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट एकदाही दिलेलं नाही. मुद्दा बिनमहत्त्वाचा असता तर एवढ्या लोकांनी घूमजाव कशाला केलं असतं?

ट्रम्पचंच घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये फ्लोरिडाच्या सहा आठवड्यांच्या बंदीबद्दल "फार कमी मुदत" म्हणाले. बंदीवाल्यांनी गदारोळ केला आणि दुसऱ्या दिवशी, फ्लोरिडातल्या हक्काच्या दुरुस्तीबद्दल, "मी दुरुस्तीच्या विरोधात मत देणार." कोणी विचारत नाही म्हणता, मग हे कोणाला घाबरून?

ओहायोकर
जुलियानी हरले ते आयोवा, न्यू हॅम्पशर वाऱ्यावर सोडून सगळं फ्लोरिडावर लावलं म्हणून. सोयीची उदाहरणं उचलू नका.

वऱ्हाडी
अमेरिकनांचं काय ते बघत बसता! आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताला परवानगी देणारा कायदा आहे. एका तरी निवडणुकीत यावर मत मागितलं का कोणी? आपला मतदार जास्त शहाणा, एवढंच.

डॉक्टरीणबाई
शहाणा? गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. आणि २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली. कोणी मत मागितलं नाही, कारण बोललं तर मत देणाऱ्या घराघरात बोट दाखवावं लागलं असतं.

मी त्या भागात काम केलंय. बाई यायची, पिशवीत दुसऱ्या तालुक्यातल्या सोनोग्राफीचा कागद घडी करून ठेवलेला, सोबत सासू. बोलायची सासूच. आज उलटं झालंय. फॉर्म एफमध्ये, म्हणजे सोनोग्राफीच्या सक्तीच्या नोंदीत, चूक निघेल, धाड पडेल, या भीतीनं कायदेशीर गर्भपातालाही डॉक्टर नाही म्हणतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही बायकांना २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे, तरी विसाव्या आठवड्यातल्या एका बलात्कारपीडित मुलीला दारोदार फिरवलेलं मी पाहिलंय.

वऱ्हाडी
पैसे खाऊन मुली पाडणारे डॉक्टरच होते, बाई. आता आम्हाला शिकवू नका.

डॉक्टरीणबाई
होते. काही तुरुंगात गेले, जायलाच हवे होते. पण त्यांच्याकडे गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत येत होतं, तुमच्या-माझ्या नात्यातलं. ते कोणत्या पक्षाला मत देत होतं हेही मला माहीत आहे. सगळ्याच.

गोदाकाठ
धागा अमेरिकेवर आहे हो.

टेक्सासची सून
मग टेक्सासचं ऐका. २०२२ च्या उन्हाळ्यात माझं पाचव्या महिन्यात पाणी गेलं. बाळ वाचणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. हॉस्पिटलनं सांगितलं, ठोके आहेत तोवर हात लावता येत नाही. मला ताप भरेपर्यंत थांबले. नवऱ्याची फ्लाइट अडकली होती, म्हणून शेजारच्या चर्चवाल्या काकू रात्रभर खुर्चीत बसून होत्या. नर्सशी भांडल्यासुद्धा.

नोव्हेंबरात त्यांनी मत कोणाला दिलं? बंदीवर सही करणाऱ्या गव्हर्नर ॲबटना. तेच ११ टक्क्यांनी परत आले. मी विचारलं. काकू म्हणाल्या, कायदा चुकलाय, पण डेमोक्रॅटपुढे खूण करायला माझा हात उठत नाही. आयर्लंडमध्ये बेळगावची सविता हलप्पनवार गर्भपात नाकारल्यावर गेली, तिथल्या लोकांना २०१८ मध्ये थेट प्रश्नावर मत देता आलं आणि ६६ टक्के लोकांनी बंदी काढली. आमच्या टेक्सासात नागरिकांना सह्या गोळा करून असा प्रश्न मतपत्रिकेवर आणताच येत नाही. काकूंसमोर फक्त उमेदवार होता. तुम्ही दोघं टक्के मोजत राहा.

ओहायोकर
ताई, वाचून सुन्न झालो. पण हेच मी म्हणतोय. काकूंनी मुद्दा वेगळा ठेवला, माणूस वेगळा.

गोदाकाठ
आणि मी म्हणतोय की ॲबट उद्या हक्काच्या बाजूनं बोलले तर प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानातच, काकू त्यांना पाडतील.

ओहायोकर
बरं, प्रायमरीपुरता उंबरठा आहे, मान्य. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत तो उरत नाही.

गोदाकाठ
उरतो, उलट बाजूनं. २०१२ ला मिसुरीत सिनेटचे रिपब्लिकन उमेदवार टॉड एकिन, खऱ्या बलात्कारातून सहसा गर्भ राहत नाही, असं बोलून बसले. तिथे रोम्नी सहज जिंकले आणि एकिन सिनेटची जागा हरले. म्हणजे रिपब्लिकन मतदारांनीच साथ सोडली.

ओहायोकर
एकिनचं उत्तर माझ्याकडे नाही. बाकी माझं म्हणणं कायम.

वऱ्हाडी
एवढं लिहून दोघं तिथेच. आपल्याकडे हा मुद्दा नाही तेच बरं.

डॉक्टरीणबाई
८०७ बद्दल अजून एक शब्द बोलला नाहीत तुम्ही.