मदत हवी आहे: बाबांसाठी ट्रायलला हो म्हणू का? सोमवारपर्यंत सांगायचंय

सोलापूरची_लेक: मुंबईच्या डॉक्टरांनी बाबांच्या कॅन्सरसाठी ट्रायल, म्हणजे औषधाची पेशंटवर चाचणी, सुचवली आहे. बावीस पानी फॉर्म दिलाय, सोमवारी कळवायचं. भाऊ म्हणतो, बाबांवर प्रयोग करू देणार नाही. माझं डोकं चालेनासं झालंय. सही करू का? कोणाचा अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा.

घाटमाथा: ताई, कॅन्सर कुठला? आधी काय उपचार झाले? ट्रायल कितव्या फेजची, म्हणजे टप्प्याची? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

सोलापूरची_लेक: गालाचा, आतून, डाव्या बाजूला. मागच्या वर्षी ऑपरेशन झालं, मग शेक (रेडिएशन) दिले. आता परत आलाय आणि ऑपरेशन होणार नाही म्हणाले. तोंड जेमतेम बोटभर उघडतं, पेज गाळून चमच्याने देतोय. फेज कुठे लिहिलेली असते?

पन्हाळा६७: फेज १, म्हणजे औषध माणसांवर पहिल्यांदाच तपासणारी असेल तर सरळ नाही म्हणा. माझ्या वडिलांना एका ट्रायलमध्ये घेतलं होतं. नवीन औषध मिळेल म्हणून गेलो, तर कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात, आणि आमची चिठ्ठी निघाली जुन्या केमोची. हे आधी कोणी नीट समजावलंच नाही.

घाटमाथा: तुमचं दुःख समजतं, पण ती फेज १ नसणार. दोन गटांची तुलना बहुतेक फेज ३ मध्ये असते, आणि जुनी केमो म्हणजे त्या वेळचा नेहमीचा उपचार. टाटामध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर अशीच ट्रायल झाली. एका गटाला तोंडाने घ्यायच्या गोळ्या, दुसऱ्याला त्याच गोळ्या अधिक निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर वळवणारं) इंजेक्शन, तेही तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. एरवीचा डोस २४० चा! वर्षभराने हयात असलेले १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. माझ्या काकांना आज ते इंजेक्शन परवडतं ते त्या १५१ जणांमुळे.

पन्हाळा६७: आणि ज्यांना इंजेक्शन मिळालं नाही त्यांच्या घरच्यांनी काय करायचं?

वनौषधी_प्रेमी: माझ्या मावशीला गुळवेल आणि हळदीच्या काढ्याने खूप फरक पडला. आधी महिनाभर देऊन बघा, पत्ता पाठवतो.

पूर्वी_कोऑर्डिनेटर: काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. गुळवेलीने लिव्हर बिघडलेले पेशंट आहेत, आणि रक्ताचा रिपोर्ट बिघडला तर ट्रायलमध्ये घेतच नाहीत.

मी आठ वर्षं ट्रायल कोऑर्डिनेटरचं काम केलंय. फॉर्म देणाऱ्यांकडून ट्रायलचा सीटीआरआय (सरकारी नोंदणी) नंबर घ्या आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीच्या साइटवर टाका. फेज, गट, कोणाला घेतात, सगळं दिसेल. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. आणखी विचारा: औषध फुकट, पण स्कॅन आणि नेहमीच्या केमोचे पैसे कोण भरणार? जाण्या-येण्याचा खर्च मिळतो का? ट्रायलमुळे काही झालं तर २०१९ च्या नियमांप्रमाणे उपचार आणि भरपाई द्यावी लागते, ते फॉर्ममध्ये कुठे लिहिलंय ते दाखवायला सांगा. मधेच कधीही बाहेर पडता येतं, त्यासाठी नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत.

आणि ताई, सही तुम्ही नाही करायची. बाबा शुद्धीवर आहेत ना? मग सही बाबांची. त्यांना विचारलंत का?

सोलापूरची_लेक: नाही विचारलं. ते घाबरतील म्हणून आम्ही बाहेरच बोलत होतो.

संधिकाल: कॅन्सर पेशंटला उपचाराला जाताना रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. बरेच जण उगाच पूर्ण पैसे भरतात.

घाटमाथा: तिने ते विचारलेलं नाही हो.

सोलापूरची_लेक: रजिस्ट्रीत सापडली. फेज ३ आहे, दोन्ही गटांना औषध आहे, नुसत्या साखरेच्या गोळ्या कोणालाच नाहीत. आज दुपारी बाबांना फॉर्म वाचून दाखवला, भाऊपण बसला होता. नवव्या पानावर बाबांनी हात वर करून थांबवलं. बोलता येत नाही म्हणून पाटीवर लिहितात. लिहिलं, "महिन्यातून किती खेपा?" फॉर्मप्रमाणे पहिले दोन महिने दर आठवड्याला जायचंय. त्यावर लिहिलं, "तुझी नोकरी?" भाऊ उठून गॅलरीत गेला, मग येऊन म्हणाला, आळीपाळीने जाऊ.

अजून हो म्हणालेले नाहीत, उरलेली पानं उद्या वाचायचीत. संधिकाल, त्या रेल्वे सवलतीसाठी लागणारं सर्टिफिकेट हॉस्पिटलात नक्की कोणाकडे मागायचं?