हार्डीची एला : शोक, खिन्नता की विषण्णता?

प्रश्न

आमच्या वाचनगटासाठी इंग्रज लेखक थॉमस हार्डीच्या 'ॲन इमॅजिनेटिव्ह वुमन' या १८९४ सालच्या कथेवर टिपण लिहिते आहे. कथा ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एला मार्चमिल ही बंदुकांच्या कारखानदाराची बायको, तीन मुलांची आई. 'जॉन आयव्ही' या पुरुषी नावानं ती कविता छापते. सुट्टीत सोलेंटसी या समुद्रकाठच्या गावी ज्या खोल्या भाड्यानं मिळतात त्या रॉबर्ट ट्रू या कवीच्या असतात. त्याला न भेटताच ती त्याच्यात गुंतते. तो स्वतःला गोळी घालून घेतो. तीही मग सावरत नाही, आणि चौथ्या बाळंतपणानंतर जाते.

मनोविश्लेषक फ्रॉइडनं १९१७च्या निबंधात 'मोर्निंग' आणि 'मेलँकोलिया' (न ओसरणारं, आत मुरलेलं दुःख) वेगळे केले. पहिल्याला मी 'शोक' लिहिलं. दुसऱ्यावर अडले आहे. खिन्नता, औदासीन्य, विषाद, विषण्णता... एलाला यातलं काय शोभेल?

उत्तर

'विषाद' म्हटलं की आपल्याला गीतेचा पहिला अध्याय आठवतो. तो युद्धाच्या तोंडावर उभ्या असलेल्या माणसाचा, आणि त्याला उत्तर द्यायला समोर कृष्ण आहे. एलाच्या समोर कोणी नाही. 'औदासीन्य' नकोच. उदासीन म्हणजे मुळात तटस्थ, बाजूला बसलेला. 'खिन्न' माणूस संध्याकाळपर्यंत बरा होतो. माझं मत 'विषण्णता'. विषाद आणि विषण्ण हे दोन्ही एकाच 'सद्' धातूचे, पण विषण्ण म्हणजे खाली बसलेला, खचलेला. विषाद ही क्रिया, विषण्णता ही त्यानंतर उरलेली अवस्था.

उत्तर

एक विनंती. टिपणात 'उन्माद' किंवा 'योषापस्मार' येऊ देऊ नका. जुन्या पुस्तकांत हिस्टेरियाला हे शब्द सापडतात. हिस्टेरिया ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आला आणि योषा म्हणजे स्त्री, म्हणजे दोन्हीकडे निदान व्हायच्या आधीच बाईवर शिक्का. पुरुषांनाही हिस्टेरिया होतो हे फ्रॉइडनं १८८६ मध्येच व्हिएन्नाच्या डॉक्टरांपुढे मांडलं होतं. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचं हिस्टेरियावरचं पुस्तक १८९५चं, या कथेनंतर एका वर्षानं आलेलं, म्हणून तो शब्द हाताशी येतो हे समजू शकतं. पण एला आजारी नाही. तिला घरात बोलायला माणूस नाही.

उत्तर

ताई, 'विषण्णता' ठेवा, शब्द चांगला आहे. पण मला वाटतं या कथेची किल्ली दुसऱ्याच दोन शब्दांत आहे, आणि ते दोन्ही आपल्या रोजच्या बोलण्यातले आहेत.

पहिला 'अंगात'. कपाटात ट्रूचा मॅकिंटॉश, म्हणजे पावसाळी कोट, आणि टोपी लटकत असते. मुलं लपाछपी खेळताना ते कपडे बाहेर ओढतात. एला नंतर तो कोट चढवते, टोपी घालते, आणि याच कोटाच्या आत त्याचं हृदय धडधडलं असेल, या टोपीखाली त्याचा मेंदू चालला असेल असं तिच्या मनात येतं. तेवढ्यात नवरा दारात. ती लाजून लाल होते, कोट काढते आणि म्हणते की सहज गंमत म्हणून घातला, तुम्ही सारखे बाहेर, मग मी करू तरी काय? मनोविश्लेषणाच्या मराठीत याला 'तादात्म्य' म्हणतात. बरोबर आहे, पण तादात्म्य म्हटलं की वाचक कोट विसरतो. आपण सदरा 'अंगात' घालतो, आणि वारंही 'अंगात' येतं. एकाच शब्दात कापड आणि झपाटणं दोन्ही बसतात. या प्रसंगाला याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

तिला तो प्रियकर म्हणून हवा आहे की स्वतः तोच व्हायचं आहे? काही वर्षांपूर्वी दोघांच्या एकाच विषयावरच्या कविता एका मासिकाच्या एकाच पानावर आलेल्या असतात. त्याची वर, मोठ्या टाइपात. तिची खाली, बारीक अक्षरात. पुढे तिचं पुस्तक निघतं ते नवऱ्याच्या पैशानं, आणि कोणी ते विकत घेत नाही. फ्रॉइड म्हणतो की विषण्ण माणसाला आपण कोणाला गमावलं हे ठाऊक असतं, त्याच्यासोबत आपलं काय गेलं ते ठाऊक नसतं. ट्रू मेला तेव्हा एलाचं काय गेलं? माझ्या मते जॉन आयव्ही गेला. पानाच्या खालून वर सरकायची जी आशा होती ती गेली.

दुसरा शब्द 'सुतक'. इंग्रजांच्या घरात सुतक नसतं हे मान्य. पण काळा पोशाख आणि तो किती महिने घालायचा याचे दंडक व्हिक्टोरियन काळात फार कडक होते, आणि तेही नात्यावर ठरत. विधवेला एक मुदत, बहिणीला दुसरी. एलाला कुठलंच नातं नाही, म्हणून मुदतही नाही. ट्रू मेल्यावर ती घरमालकिणीकडून त्याच्या केसांची बट आणि फोटो मागवते, बट पांढऱ्या फितीनं बांधून छातीशी लपवते. नवरा विचारतो, कोणाचे केस? ती इतकंच सांगते की तो आता नाही, पण कोण ते सांगत नाही. रात्री नवरा तिला स्मशानात ट्रूच्या कबरीपाशी वाकून बसलेली शोधून काढतो, आणि तीन मुलांची आई, चौथं पोटात, हे काय चालवलंस असं सुनावतो.

सुतक धरलं की ते फिटतं. दिवस मोजता येतात, लोक भेटायला येतात, मग एक दिवस माणूस पुन्हा कामाला लागतो. फ्रॉइडच्या शोकाचं कामही असंच चालतं, एकेक आठवण हातात घेऊन सोडून देत. जे सुतक धरायचा अधिकारच नाही, ते फिटणार कसं? माझ्या आजीच्या तोंडी एक क्रियापद होतं, कुढणं. रडायला परवानगी लागते, कुढायला लागत नाही. एला कुढते.

उत्तर (मूळ प्रश्नकर्ती)

मनापासून आभार. 'विषण्णता' पारिभाषिक शब्द म्हणून ठेवते, आणि टिपणाच्या मधल्या भागाला 'न धरलेलं सुतक' असं नाव देते.

कथेचं शीर्षक मराठीत काय करायचं ते मात्र राहिलंच. 'कल्पक स्त्री' म्हटलं की टाकाऊतून टिकाऊ करणारी गृहिणी उभी राहते. 'स्वप्नाळू'त कौतुकासोबत थोडी हेटाळणी आहे. आणि इथे एक अडचण अशी की कल्पनेत रमणारी ती एकटी नाही. मरताना लिहिलेल्या पत्रात ट्रू कबूल करतो की त्याच्या शेवटच्या संग्रहामागे खरी स्त्री कोणीच नव्हती, ती केवळ मनातली. एला गेल्यावर दोन वर्षांनी तिच्या नवऱ्याला ती बट आणि फोटो सापडतात, तो धाकट्या मुलाचा चेहरा फोटोशी ताडून पाहतो आणि हे आपलं नाही असं ठरवून पोराला झिडकारतो. तोही कल्पनेवरच निकाल देतो. म्हणून 'मनोराज्य' हा शब्द घ्यावासा वाटतो, तो तिघांनाही लागू पडतो.

शेवटच्या आजारात एला नवऱ्याला म्हणते की मला काय झालं होतं कळत नाही, तुम्हाला मी अशी कशी विसरले. तिथे आधी 'काय अंगात आलं होतं माझ्या' लिहिलं होतं. ते खोडलं. त्या क्षणी तिच्या अंगात काहीच उरलेलं नाही. 'कशानं झपाटलं होतं मला' असं केलंय, आणि 'अंगात' कोटाच्या प्रसंगासाठी राखून ठेवलाय.