परतवाडा ते चिखलदरा: घाटात गाडी तापते

प्रश्न: सपाटीवर तापमानाचा काटा मध्यावर, घाट लागला की लालीत. रेडिएटरचं (इंजिनचं पाणी थंड करणारी जाळीदार टाकी) पाणी रोज थोडं कमी होते, पण खाली थेंब नाही. मागं म्हातारी आई बसलेली असते, जीव घाबरते. काय पाहू?

उत्तर: भाऊ, इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण खोलू नका, वाफेनं हात भाजते. थंड झाल्यावर झाकणाचं रबर पाहा. दाब टिकला नाही तर पाणी लवकर उकळते. ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी हलवूच नका, हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) गेलं समजा.

उत्तर: बोअरचं पाणी टाकता काय? क्षार बसतात. कूलंटच (इंजिन थंड ठेवायचं तयार द्रव) टाका.

प्रश्नकर्ता: रबर चिरलेलंच होतं! जाळीतही कापूस अन् धूळ. झाकण बदललं, जाळी धुतली. काल आईला घेऊन घाट चढलो, काटा मध्यावरच.