पासपोर्टची पानं संपत आली, व्हॅलिडिटी मात्र भरपूर शिल्लक. नवा दुबईतच करू की गावी जाऊन?

मिरजेचा_सेल्सवाला
नमस्कार मंडळी, मी दुबईत राहतो, पंपांच्या सेल्समध्ये आहे आणि माझा सगळा एरिया आफ्रिका, म्हणजे नैरोबी, दार-ए-सलाम, आक्रा असं चालूच असतं. पासपोर्ट 36 पानी आहे, एक्स्पायरी 2030 ची, पण आता दोनच पानं पूर्ण कोरी उरलीत आणि एक अर्धं, कारण घानाचा व्हिसा म्हणजे अख्खं पान खाणार, साउथ आफ्रिकेचं स्टिकरही तसंच, आणि वर शिक्के मारणारे साहेब कोपरा सोडून नेमके पानाच्या मधोमध मारतात. मागे तर एकाने एकटा शिक्का एका कोऱ्या पानावर असा मारलाय की जणू प्रदर्शनात लावायचाय. आता कंपनी म्हणते पुढच्या महिन्यात जर्मनीला एक्झिबिशनला जा. प्रश्न असा की आहे त्या पासपोर्टला जादा पानं जोडून मिळतात का? ऑफिसातला अमेरिकन कलीग म्हणतो त्याला मिळाली होती. आणि नवीनच करायचा असेल तर इथे करू का गणपतीला गावी जातोय तेव्हा तिकडे तत्काळमध्ये करू? इथली रेसिडेन्सी जुन्या पासपोर्टवर आहे त्याचं काय होतं?

कुर्लेकर
पानं जोडून मिळत नाहीत भाऊ. तुमच्या कलीगचं खरं आहे पण जुनं, अमेरिका आधी 24 पानांची पुरवणी शिवून द्यायची, ते 1 जानेवारी 2016 पासून त्यांनीही बंद केलं. आपल्याकडे सरळ रिइश्यू, फॉर्ममध्ये कारण निवडायचं एक्झॉशन ऑफ पेजेस. नवीन नंबर, नवीन दहा वर्षं, जुन्याची उरलेली वर्षं गेली पाण्यात, त्याला इलाज नाही. फक्त 60 पानीच घ्या, ज्याला जंबो म्हणतात. भारतात 36 चे 1500 आणि 60 चे 2000, म्हणजे फरक पाचशे रुपयांचा. परदेशात मूळ फी 75 डॉलर आणि 100 डॉलर अशी आहे, त्यावर सेंटरचा सर्विस चार्ज वगैरे. तुमच्यासारख्या फिरत्या माणसाने 36 घेणं म्हणजे लग्नाच्या पंगतीला एक किलो तांदूळ शिजवणं.

मिरजेचा_सेल्सवाला
दोन पानं कोरी आहेत म्हणजे जर्मनी तरी होऊन जाईल ना यावर? आल्यावर निवांत करतो.

व्हिसावाली_ताई
माझं कामच ट्रॅव्हल डेस्कचं आहे म्हणून सांगते, शेंगेनच्या, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाला पासपोर्टात किमान दोन कोरी पानं लागतात, पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला लागतो आणि तिथून परतल्याच्या तारखेनंतर तीन महिने व्हॅलिड लागतो. म्हणजे कागदावर तुम्ही बसता. पण अर्ज करायच्या आधी कुठल्या ट्रिपला गेलात आणि एक शिक्का चुकीच्या पानावर पडला की संपलं. आणि हो, शेवटची पानं मोजताय का? बरेच जण ऑब्झर्वेशन लिहिलेलं पान (पासपोर्ट ऑफिसच्या नोंदींचं) आणि आईवडिलांची नावं-पत्ता असलेलं पान पण कोऱ्यात धरतात, तिथे व्हिसा लावत नाहीत. आधी नीट मोजा.

दुसरी गोष्ट, लोकांना वाटतं पानं इमिग्रेशनवाले तपासतील, तोपर्यंत बघू. अहो इमिग्रेशनपर्यंत जायच्या आधी एअरलाइनच अडवते. चेक-इनला ते टायमॅटिक नावाच्या सिस्टिममध्ये देशाचे नियम बघतात, आणि चुकीच्या कागदांचा पॅसेंजर नेला तर परत आणायचा खर्च आणि दंड त्यांच्यावर येतो, म्हणून काउंटरवरची पोरगी तुमच्याशी कितीही गोड बोलली तरी बोर्डिंग पास देत नाही. साउथ आफ्रिकेच्या बाबतीत तर फार कडक असतात.

शारजाहकर
गणपतीला जाऊन करायचा विचार सोडा. भारतात पासपोर्ट सेवा केंद्रात फाइल पुढे गेली की जुना पासपोर्ट तिथेच कॅन्सल करून हातात देतात, मग नवा पोस्टाने येईपर्यंत तुम्ही मिरजेतच. तत्काळचे 2000 जादा भरून लवकर येतो हे खरं, पण पत्त्याचं काही खुसपट निघालं, मधे सुट्ट्या आल्या, पोलीस व्हेरिफिकेशनवाला घरी आला आणि तुम्ही बाजारात, तर तुमचं रिटर्न तिकीट बोंबललं. इथे केलात तर निदान घरी बसून, नोकरी करत वाट बघता. इथे भारतीय कॉन्सुलेटने नेमलेल्या पासपोर्ट सेंटरवर अपॉइंटमेंट घ्यायची, आधी ऑनलाइन फॉर्म भरायचा. आधीचा पासपोर्ट भारतातल्या ऑफिसने दिलेला असेल तर कधी कधी तिकडून क्लिअरन्स यायला वेळ लागतो, म्हणून पुढची ट्रिप लागायच्या आत करा.

रेसिडेन्सीचं टेन्शन नको. 2022 पासून पासपोर्टवर व्हिसाचं स्टिकर लावणं इथे बंदच झालंय, एमिरेट्स आयडी कार्डच चालतं. नवीन पासपोर्ट आला की जीडीआरएफएकडे, म्हणजे दुबईच्या रेसिडेन्सी खात्याकडे नंबर अपडेट करून घ्यायचा, कंपनीचा पीआरओ (सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस) करतो. मग बँक, तिकिटं, सगळीकडे नवा नंबर. हे अपडेट न करता सुट्टीवर जाऊ नका.

ठाणे_ते_टोरांटो
जुन्यात अमेरिकेचा व्हिसा असेल तर तो काढायचा प्रयत्न करू नका, स्टिकर सोललं की मेलं. जुना कॅन्सल झालेला आणि नवा दोन्ही घेऊन फिरायचं, व्हिसा व्हॅलिड राहतो. फक्त पासपोर्ट कॅन्सल करताना व्हिसाच्या पानावर शिक्का किंवा कात्री पडू नये एवढं तोंडाने सांगा. मी दोन्ही रबरबँडने बांधून ठेवते.

खलाशी_रत्नागिरी
दोन पासपोर्ट ठेवायची आयडिया कोणी दिली तर ऐकू नका, इंग्रज अमेरिकन लोकांना दुसरा मिळतो, आपल्याला एका वेळी एकच. मी जहाजावर असताना एकाने हा शहाणपणा केलेला, जुना हरवला सांगून. पुढचं विचारू नका.

आणि एक, आपलेच इमिग्रेशनवाले सगळ्यात जास्त पानं संपवतात 😄 भारतातून निघताना एक शिक्का, उतरल्यावर एक. आता मुंबईला फास्ट ट्रॅक इमिग्रेशनचं ई-गेट आलंय, भारतीयांना फुकट आहे, रजिस्ट्रेशन करून बायोमेट्रिक दिलं की झालं.

कुर्लेकर
शिक्के वाचवायच्या नादात एक लक्षात घ्या, एनआरआय स्टेटसला भारतात किती दिवस होतात ते मोजावं लागतं, 182 दिवसांचं गणित, आणि इन्कम टॅक्सवाल्यांनी विचारलं की सीए पहिल्यांदा पासपोर्टचे शिक्केच मागतो. त्यामुळे कॅन्सल झालेला जुना पासपोर्ट टाकू नका, आणि ई-गेटने जात असाल तर बोर्डिंग पास जपून ठेवा.

मिरजेचा_सेल्सवाला
धन्यवाद सगळ्यांना. मोजली परत, ताईंचं बरोबर निघालं, एक पान ऑब्झर्वेशनचंच होतं. म्हणजे जर्मनीचा विषयच संपला यावर. अपॉइंटमेंट घेतली, 60 पानीच टाकलाय, आणि लग्न झाल्यापासून बायकोचं नाव पासपोर्टवर नव्हतं ते पण याच फॉर्ममध्ये घालतोय. बॉसला सांगितलं एक्झिबिशनला दुसऱ्याला पाठवा. तो म्हणाला दुसऱ्याचीही पानं संपलीत 🙏

शारजाहकर
नाव घालताय तर मॅरेज सर्टिफिकेट बरोबर न्या, नाहीतर सेंटरवरून परत पाठवू शकतात. आणि पासपोर्टवर ईसीआर (काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते असा शेरा) लिहिलेलं असेल तर दहावीचं सर्टिफिकेट पण न्या, याच खेपेला काढून टाका.

नवी_आई_अबूधाबी
मध्येच विचारते, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला पण 60 पानी मिळतो का? वर्षातून तीनदा नागपूरला जातो आम्ही.

व्हिसावाली_ताई
नाही, लहानांना 36 पानीच, आणि तोही पाच वर्षांचा. पंधरा पूर्ण झाल्यावर दहा वर्षांचा मागता येतो, तेव्हा 60 घ्या.